दादाचा मेक्सिको आणि आईचा प्रश्न

माझा मामेभाऊ मेक्सिको देशातील ग्वादालाहारा या शहरात राहतो. पुण्यातील एका कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला तिकडे पाठवले. तिथे गेल्यावर महिन्याभरातच त्याने मोबाइलवर आपल्या नावाखाली तीन शब्द लिहिले : 'एक्स्पॅट इन मेक्सिको'. पहिल्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, म्हणून इंग्रजीच्या सरांना विचारला. सर म्हणाले, "आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहणारा माणूस." मी म्हटले, "म्हणजे स्थलांतरित?" सर हसले. म्हणाले, "अर्थ जवळपास तोच. पण दादाला तसे म्हणू नकोस, त्याला राग येईल."

सरांचे ते हसणे माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण 'स्थलांतरित' हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. शाळेत असताना माझ्या नावापुढे तो वर्षानुवर्षे लिहिलेला असे. माझे आईवडील बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार. दिवाळी आटोपली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी टोळीबरोबर कारखान्यावर जायचे आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचे. आमच्यात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजतात. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर कोपीत राहिले, पुढे आजीजवळ आणि आता वसतिगृहात. दादाचेही लहानपण असेच गेले. मामा-मामी ऊसच तोडत. पुढे मामा एका आश्रमशाळेत शिपाई झाले, दादा शिकला, इंजिनिअर झाला, विमानात बसला.

तर आमच्या एकाच कुटुंबात पोटासाठी घर सोडणाऱ्या माणसांना दोन वेगवेगळी नावे पडली. आईवडील स्थलांतरित आणि दादा एक्स्पॅट. हा फरक कुठून आला आणि त्यामुळे माणसाच्या डोळ्यांवर काय परिणाम होतो, याविषयी मला जे वाटते ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करते. मी मेक्सिको पाहिलेला नाही. जे सांगते ते दादाच्या लांबलचक निरोपांतून, त्याने पाठवलेल्या छायाचित्रांतून आणि आपल्या ग्रंथालयातील पुस्तकांतून गोळा केलेले आहे.

ग्वादालाहारा ही हालिस्को राज्याची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्यामुळे हवा बारमाही सुखाची. आपल्या आणि तिथल्या घड्याळात साडेअकरा तासांचे अंतर आहे. आपण रात्री साडेआठला जेवायला बसतो, तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात. दादा तिकडे 'कोतो'मध्ये राहतो. 'कोतो' म्हणजे भोवती भिंत आणि फाटकावर पहारेकरी असलेली वसाहत. पहिले वर्षभर तो या भिंतीच्या आतच राहिला, असे म्हटले तरी चालेल. सकाळी गाडीने कचेरीत, संध्याकाळी गाडीने परत. जेवायला डाळभात. सोबतीला आपल्याकडचीच चार मुले. स्पॅनिश भाषा शिकण्याची गरज पडली नाही, कारण कचेरीचे काम इंग्रजीत चाले.

पण त्या भिंतीबाहेर केवढे जग होते ! त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच एक 'तोर्तियेरिया' आहे, म्हणजे तोर्तियांचे दुकान. तोर्तिया ही मक्याची पातळ भाकरी. दुपारी बायकामुले फडके घेऊन तिथे रांगेत उभी राहतात आणि किलोच्या हिशेबाने गरम तोर्तिया विकत नेतात. तिचा मका नुसता दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन ओलाच दळतात. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि एरवी शरीराला न मिळणारे एक जीवनसत्त्व मोकळे होते. ही युक्ती तिथल्या मूळच्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी शोधली. युरोपच्या लोकांनी मका नेला, पण चुन्याची युक्ती नेली नाही. त्यामुळे केवळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पुढे पेलाग्रा नावाचा रोग जडला. धान्य घेतले आणि ते पिकवणाऱ्या बाईला काही विचारले नाही, त्याची ही शिक्षा म्हणायची. ही हकीकत वाचली तेव्हा मला दादाच आठवला. रोज त्या दुकानासमोरून तो गाडीने जात होता आणि आत काय चालते याचा त्याला पत्ता नव्हता.

त्यांच्या स्वयंपाकघरात तवा आहे, त्याला 'कोमाल' म्हणतात. दगडी पाटा आहे, तो 'मेताते'. मिरची वाटायचा दगडी खल आहे, तो 'मोल्काहेते'. मिरची तर मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. मका आणि झेंडू मेक्सिकोचे. पेरू आणि आमच्या बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ हीसुद्धा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेली. आईच्या हातच्या ठेच्याला मेक्सिकोचे ऋण आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा तिला ते खरे वाटले नाही. झेंडूला आपण कधी एक्स्पॅट म्हटले नाही. तो आला, मातीत रुजला, दसऱ्याला दाराला लागला आणि घरचा झाला.

हाच झेंडू तिथे 'सेम्पासूचिल' या नावाने ओळखला जातो आणि १ व २ नोव्हेंबरला मृतांच्या सणात वापरला जातो. आपल्या पितृपक्षाशी या सणाचे नाते जवळचे वाटते. घरात मांडणी करतात, तिला 'ओफ्रेंदा' म्हणतात. वर गेलेल्या माणसांची छायाचित्रे, दिवे, पाणी, मीठ, त्या त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ आणि एक विशिष्ट गोड पाव. पहिला दिवस लहानपणी गेलेल्या मुलांचा आणि दुसरा मोठ्यांचा. झेंडूच्या पाकळ्यांची वाट काढतात, म्हणजे आलेल्या जिवाला रस्ता सापडावा. आपण पानावर कावळ्याची वाट पाहतो, ते पाकळ्यांची वाट घालतात. दुःख तेच.

दादाने पहिल्या वर्षी या सणाचे छायाचित्र पाठवले ते तोंडाला कवटीचा रंग लावलेल्या पाहुण्यांचे होते. मेक्सिको शहरात त्या दिवसांत मोठी मिरवणूक निघते, तिच्याविषयीही त्याने फार कौतुकाने लिहिले होते. ही मिरवणूक प्राचीन असेल अशी माझी समजूत झाली. पुढे वाचनात आले की ती २०१६ साली सुरू झाली. २०१५ च्या एका जेम्स बाँड चित्रपटात तशी काल्पनिक मिरवणूक दाखवली होती, ती पाहून नंतर खरी काढण्यात आली ! तिला नाव ठेवण्याचा माझा हेतू नाही, लोकांना आनंद होतो. परंतु जो माणूस केवळ पाहायला येतो त्याला दाखवण्यासाठी एक परंपरा तयार होते, आणि घरातली ओफ्रेंदा मात्र दार ठोठावल्याशिवाय दिसत नाही, एवढे माझ्या ध्यानात आले.

सुट्टीच्या दिवशी दादा जवळपास फिरायला जाई. टकिला या गावी गेला. ग्वादालाहाराच्या वायव्येला साधारण साठ किलोमीटरवर हे गाव आहे. त्याच नावाची दारू तिथे निळ्या अगावे नावाच्या, घायपातासारख्या दिसणाऱ्या झाडापासून करतात. डोंगरउतारांवर निळसर रांगाच रांगा. २००६ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. हे झाड तयार व्हायला सहासात वर्षे लागतात. मग कामगार त्याची पाती छाटून मधला गड्डा काढतो. त्या कामगाराला 'हिमादोर' म्हणतात आणि त्याच्या हातातल्या लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या हत्याराला 'कोआ'. दादाने लिहिले, "बघ, यांचाही कोयता." पाहुण्यांसमोर एक म्हातारा हिमादोर एक गड्डा तासून दाखवत होता. सगळ्यांनी छायाचित्रे काढली. पण हा माणूस दिवसाला किती गड्डे काढतो, त्याला काय मिळते, त्याची कंबर कशी आहे, हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

दुसरी सहल चपाला सरोवराची. मेक्सिकोतले हे सर्वांत मोठे सरोवर शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. त्याच्या काठी अहिहिक नावाचे गाव आहे आणि तिथे अमेरिका व कॅनडातील निवृत्त मंडळी मोठ्या संख्येने येऊन राहिली आहेत. हवा चांगली, निवृत्तिवेतनात घर, बाग, मोलकरीण परवडते. दुकानांवर इंग्रजी पाट्या. काही जण तिथे वीस वर्षे राहूनही स्पॅनिशमध्ये भाजी घेण्यापलीकडे गेलेले नाहीत, असे दादाला तिथल्याच एका दुकानदाराने मोडक्या इंग्रजीत सांगितले. न्यायाने बोलायचे तर त्यांच्यातही दोन प्रकार आहेत. १९५५ पासून तिथे चालत आलेली लेक चपाला सोसायटी नावाची संस्था ग्रंथालय चालवते आणि भाषेचे वर्गही घेते. पण एक गोष्ट साऱ्यांनाच लागू आहे. त्यांना कोणी स्थलांतरित म्हणत नाही.

या ठिकाणी एक मोठा विरोधाभास आहे. ज्या अमेरिकेतून ही मंडळी दक्षिणेला येतात, त्याच अमेरिकेत मेक्सिकोची लाखो माणसे उत्तरेला कामासाठी जातात. १९४२ ते १९६४ या काळात दोन्ही सरकारांच्या करारानुसार मेक्सिकन शेतमजूर हंगामापुरते अमेरिकेत नेले जात. त्यांना 'ब्रासेरो', म्हणजे हातांनी काम करणारे, असे नाव होते. माणसाला हाताच्या नावाने ओळखायचे. आम्हाला कोयत्याच्या नावाने मोजतात, तसेच. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून बचतीच्या नावाखाली दहा टक्के कापून घेतले गेले आणि पुष्कळांच्या हाती ते पैसे कधीच आले नाहीत. आजही परदेशी गेलेल्या मेक्सिकन माणसांनी घरी पाठवलेल्या पैशावर गावेच्या गावे उभी आहेत. २०२४ साली ही रक्कम साठ अब्ज डॉलरहून अधिक होती. त्यांना मात्र एक्स्पॅट म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी 'मायग्रंट' हा शब्द आहे, आणि तो उच्चारताना आवाज बदलतो. रस्ता एकच, सीमा एकच. उत्तरेकडून येणाऱ्याचे नाव एक आणि दक्षिणेकडून जाणाऱ्याचे दुसरे.

आता मूळ प्रसंगाकडे येते. जानेवारी २०२५ मध्ये संक्रांतीच्या सुट्टीत मी आईवडिलांना भेटायला कारखान्यावर गेले होते. रविवारी रात्री जेवणे झाल्यावर कोपीत दादाचा फोन आला. आदल्या दिवशी तो ताला नावाच्या गावाकडे फिरायला गेला होता. ग्वादालाहाराच्या पश्चिमेला असलेल्या या गावात साखर कारखाना आहे. हालिस्कोत ऊस पुष्कळ होतो, हे मला तेव्हाच कळले. दादाने चालत्या गाडीतून एक छायाचित्र काढून पाठवले होते. त्यात फडात वाकलेली माणसे होती, हातात रुंद पात्याचा कोयता, आणि तोंडे, हात, कपडे सगळे काजळीने काळे.

आईने फोन दिव्याजवळ धरून ते बराच वेळ पाहिले. मग विचारले, "ह्यांची तोंडं कशानं काळी झाली?"

"आत्या, तिथे फड आधी पेटवून देतात. पाला जळाला की मग तोडतात."

"मग वाढं कुठून मिळायचं? बैलाला काय घालतेत?"

"बैल नाहीत. ट्रक असतात, यंत्राने भरतात."

"बाया दिसनात त्या."

"पुरुषच तोडत होते."

"उचल घेतेत का? मुकादम असतो का त्यांचा? टनाला काय भाव हाय?"

दादा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आत्या, मला माहीत नाही. मी गाडीतून फोटो काढला. उतरलो नाही."

आई म्हणाली, "इतक्या लांब गेलास, अन् आपली माणसं दिसली तर उतरला न्हाईस व्हय रं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरेच नवल वाटले होते. कारखान्याच्या तळावर शेजारच्या जिल्ह्याची टोळी उतरली तरी आई पहिल्या संध्याकाळी चहा घेऊन जाते आणि कुठले गाव, किती कोयते, पोरे कुठे ठेवली, हे विचारून येते. परक्या मुलखात आधी विचारपूस करायची, हे स्थलांतरिताला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला गरज असते. पाणी कुठे, दळण कुठे, दवाखाना कुठे, कोणता माणूस नडलेल्याला धरून आहे, हे माहीत नसेल तर त्याचा निभाव लागत नाही. एक्स्पॅटला कंपनी घर देते, गाडी देते, विमा देते, त्यामुळे त्याला कोणालाच काही विचारावे लागत नाही. माझ्या मते दोन शब्दांतला खरा फरक इथे आहे. पैशाचा फरक आहेच. पण त्याहून मोठा फरक म्हणजे एकाला शेजाऱ्याची गरज आहे आणि दुसऱ्याला नाही. ज्याला शेजाऱ्याची गरज नाही तो कितीही वर्षे राहिला तरी गाडीच्या काचेतून पाहत राहतो.

या वृत्तीचा त्रास शेवटी तिथल्या लोकांना होतो. मेक्सिको शहरातील कोंदेसा आणि रोमा या भागांत २०२० नंतर परदेशी तरुण मोठ्या संख्येने राहायला आले. नोकरी अमेरिकेतल्या कंपनीत, काम संगणकावर, मुक्काम मेक्सिकोत. डॉलरच्या कमाईपुढे तिथल्या जुन्या भाडेकरूंचा टिकाव लागेना. घरभाडी वाढली. कोपऱ्यावरच्या जुन्या खानावळींच्या जागी इंग्रजी नावांची कॉफीची दुकाने आली. ४ जुलै २०२५ रोजी तिथल्या लोकांनी याविरुद्ध मोर्चा काढला. काही जणांनी दुकानांच्या काचा फोडल्या, त्याचे समर्थन मी करणार नाही. घरभाडी वाढण्यास सरकारचे धोरण आणि घरमालकांचा लोभही कारणीभूत आहे, केवळ परदेशी माणसे नव्हेत. तरीसुद्धा, आपल्या गल्लीत राहणारा माणूस आपली भाषा बोलत नाही, आपल्याशी नाते जोडत नाही आणि त्याच्यामुळे आपल्याला मात्र घर सोडावे लागते, याची चीड समजण्यासारखी आहे.

मग परदेशात राहावे तरी कसे ? याचे उत्तर मला आपल्या ग्रंथालयात एका चरित्रात सापडले. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे ? मलाही नव्हते. वर्ध्याकडचा हा माणूस ऐन तारुण्यात देश सोडून गेला. अमेरिकेत मजुरी करून शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीच्या उभारणीत त्याने भाग घेतला, इंग्रज सरकारने त्याला मायदेशाची वाट बंद केली, आणि हिंडत हिंडत तो १९२४ साली मेक्सिकोला पोहोचला. तिथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाला. त्याने मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित जातींवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरीभोवती जमलेल्या माणसांचे जे चित्र काढले, त्यात खानखोजे यांना बसवले आहे. २०२२ साली चापिंगोला त्यांचा पुतळाही उभारण्यात आला.

मेक्सिकोच्या भाकरीच्या चित्रात एका मराठी माणसाला जागा कशी मिळाली, याचा मी पुष्कळ विचार केला. ते मोठे विद्वान होते हे एक कारण. पण विद्वान तर पुष्कळ येतात आणि जातात. त्यांनी तिथल्या लोकांच्या अन्नाला हात घातला. ज्या मक्यावर तिथला गरीब जगतो तो मका त्यांनी आपला विषय मानला आणि तो पिकवणाऱ्या माणसाच्या बांधावर जाऊन बसले. त्यांच्या नावाखाली एक्स्पॅट लिहिलेले नव्हते. ते परागंदा होते. परतीचे तिकीट खिशात नसल्यामुळे त्यांना तो देश आपलासा करावाच लागला, असेही कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. पण देश स्वतंत्र झाल्यावर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले, तेव्हा मेक्सिकोला ते विसरले नव्हते आणि मेक्सिकोही त्यांना विसरला नाही.

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, ते मी स्वतःच मांडते. कंपनी दोनतीन वर्षांसाठी पाठवते, एवढ्यात भाषा आणि माणसे कधी जोडायची ? दमून आलेल्या माणसाने सुट्टीला सरोवर पाहू नये का ? जरूर पाहावे. दादाने घेतलेले कष्ट मला ठाऊक आहेत. कोपीतल्या कंदिलाखाली अभ्यास करून तो तिथवर पोहोचला, त्याने चार दिवस सुखाचे पाहिले तर मला आनंदच आहे. शिवाय 'स्थलांतरित' या शब्दाचे मला उगाच कौतुक करायचे नाही. त्या शब्दात आईची मोडलेली कंबर आहे आणि माझी बुडालेली शाळा आहे. तो शब्द जगातून नाहीसा झाला तर सर्वांत आधी मी पेढे वाटीन. माझे म्हणणे एवढेच की, एक जण वर आणि एक जण खाली असे ठरवण्यासाठी दोन शब्द वापरू नयेत. आणि जो वर चढला त्याने आपण कुठल्या शब्दातून आलो हे पुसून टाकू नये, कारण ते पुसले की फडातली माणसे ओळखू येत नाहीत.

दादाने आईचा प्रश्न मनाला लावून घेतला. दर शनिवारी तो स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागला. कचेरीत झाडलोट करणाऱ्या एका मावशींचा भाऊ तालाकडे राहतो, त्याच्याबरोबर पुढच्या महिन्यात तो पुन्हा फडावर गेला, आणि या वेळी उतरला. त्याने आईसाठी उत्तरे आणली. टोळीला 'क्वाद्रिया' म्हणतात. मुकादम असतो, त्याला 'काबो' म्हणतात. हिशेब टनावर. गेरेरो, ओआहाका यांसारख्या दक्षिणेकडच्या गरीब राज्यांतून शेतमजुरांची कुटुंबे हंगामापुरती अशी दूरच्या राज्यांत जातात. आगाऊ पैसे देऊन मजूर बांधून नेण्याच्या जुन्या पद्धतीला 'एन्गांचे' असे नाव आहे, त्याचा मूळ अर्थ हुकाला अडकवणे. आई ऐकून म्हणाली, "उचल म्हंजे हूकच की. नाव बेस दिलंय."

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या नाताळाआधी, त्याच मावशींनी दादाला आपल्या गल्लीतल्या 'पोसादा'ला बोलावले. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री हा कार्यक्रम चालतो. येशूच्या जन्माआधी मेरी आणि जोसेफ रात्रीच्या आसऱ्यासाठी दारोदार हिंडले, त्याची ही आठवण. 'पोसादा' म्हणजे आसरा. लोक दोन गटांत विभागले जातात. एक गट मेणबत्त्या घेऊन दाराबाहेर उभा राहतो आणि गाण्यातून जागा मागतो. दुसरा गट आतून गाण्यातच नकार देतो. असे काही दारांशी झाल्यावर शेवटचे दार उघडते, सगळे आत जातात, मुले टांगलेली 'पिन्याता' काठीने फोडतात, आपल्या दहीहंडीसारखी, आणि आतला खाऊ वेचतात. दादाला बाहेरच्या गटात उभे केले होते. त्याने मला लिहिले, "हातात मेणबत्ती होती, थंडी होती, आतून नाही म्हणत होते. खेळ आहे हे ठाऊक असूनही मला एकदम कारखान्यावरची पहिली रात्र आठवली. कोपी बांधायला जागा मिळत नव्हती आणि दादा (म्हणजे मामा) मला खांद्यावर घेऊन हिंडत होते. मग दार उघडले. मावशी म्हणाल्या, हे तुमचेच घर आहे." तिथे आपल्या घराविषयी बोलताना लोक 'तुमचे घर' असेच म्हणतात. आपणही म्हणतोच.

त्यानंतर काही दिवसांनी पाहिले तर त्याच्या नावाखालचे ते तीन शब्द गेलेले होते. त्या जागी काहीच लिहिलेले नव्हते. मी कारण विचारले नाही.

दादाला शहाणपण सांगणे सोपे आहे, म्हणून शेवटी स्वतःविषयीही लिहिते. या महाविद्यालयात आल्यापासून वडील काय करतात असे कोणी विचारले की मी 'शेती' असे सांगत आले. आमची शेती दीड एकर कोरडवाहू आहे, तेव्हा ते अगदी खोटेही नव्हते. वसतिगृहातल्या मैत्रिणींनाही मी हेच सांगितले. हंगामात घरून कोणी भेटायला का येत नाही, याला मी निरनिराळी कारणे दिली. मीसुद्धा गाडीतून उतरले नव्हते.

हा लेख छापून येईल तेव्हा माझे आईवडील फडात असतील किंवा परतीच्या वाटेवर असतील. ते ऊसतोड कामगार आहेत, स्थलांतरित आहेत. आपल्या वर्गात, आपल्या वसतिगृहात अशा घरांतून आलेली आणखीही मुलेमुली आहेत, हे मला ठाऊक आहे, कारण आम्ही एकमेकांना ओळखतो आणि ओळख दाखवत नाही. त्यांनी या अंकाचे हे पान वाचले तर एकदा माझ्याशी बोलावे. कुठले गाव, कुठला कारखाना, किती कोयते, एवढे विचारायला मी तयार आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला